आगरकर नव्हे, आघारकर!

मित्रांनो, सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकतो. फर्स्ट इयरला असताना गॅदरिंगच्या प्रश्नमंजूषेत मी आपल्या होस्टेलच्या टीममध्ये होतो. शेवटच्या फेरीत प्रश्न आला, पुण्याची आघारकर संशोधन संस्था कोणाच्या नावाने आहे? मी बझर दाबला आणि छाती फुगवून उत्तर दिलं, गोपाळ गणेश आगरकर! टिळकांचे मित्र, 'सुधारक'चे संपादक वगैरे माहितीही न विचारता देऊन टाकली. उत्तर चुकलं, पाच गुण गेले आणि ढालही गेली. पुढे महिनाभर मेसमध्ये मला सगळे 'सुधारक' म्हणून हाक मारायचे.

खरं सांगायचं तर चूक फक्त माझी नव्हती. ही संस्था पुण्यात ज्या रस्त्यावर उभी आहे, त्या रस्त्याचंच नाव गोपाळ गणेश आगरकर रस्ता आहे! आगरकरांच्या रस्त्यावर आघारकरांची संस्था. आता बोला, माणूस गोंधळणार नाही तर काय?

पुढे सेकंड इयरला माझं वर्ष बुडालं. दोन विषय राहिले आणि मी गावी जाऊन बसलो. ज्यांचं वर्ष बुडालंय त्यांना जास्त सांगायला नको. गावात कोणी नुसतं 'काय चाललंय' विचारलं तरी अंगावर काटा यायचा. जून उजाडला, पाऊस झाला आणि वडिलांनी सोयाबीनचं बियाणं आणलं. तिफणीमागे चालण्यापेक्षा पिशव्या फोडायचं सोपं काम मी घेतलं. पिशवीवर वाणाचं नाव छापलं होतं, एमएसीएस ११८८. इंजिनिअरिंगच्या पोराला अशी मोठी अक्षरं दिसली की त्याचा फुलफॉर्म काय, हा किडा डोक्यात वळवळतोच. शोधलं. महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स, म्हणजेच महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी. आणि तिचे संस्थापक संचालक कोण? शंकर पुरुषोत्तम आघारकर! ज्यांनी माझे पाच गुण घालवले ते गृहस्थ थेट आमच्या वावरात येऊन उभे राहिले होते.

मग मी त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचलं. बुडालेल्या वर्षात मी जे काही कमावलं, त्यात हा माणूस सगळ्यात मोठा. त्याचीच ही गोष्ट.

मालवणचा मुलगा

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी मालवणला झाला. मालवण म्हटलं की आपल्याला सिंधुदुर्ग किल्ला आणि माशाचं जेवण आठवतं. पण विज्ञानाच्या नजरेने पाहिलं तर मालवणचा किनारा म्हणजे न उघडलेली रसायनशाळाच आहे. किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत, स्पंज आहेत, शंख-शिंपले आहेत आणि खाडीत खारफुटी आहे. म्हणूनच १९८७ साली हा भाग सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला.

रसायनशाळा का म्हणायचं? जरा विचार करा. स्पंजाला पाय नाहीत, दात नाहीत, कवच नाही. शत्रू आला तर पळता येत नाही. मग तो जगतो कसा? तो रसायनं बनवतो. कॅरिबियन समुद्रातल्या एका स्पंजात १९५० च्या सुमारास काही वेगळेच न्यूक्लिओसाइड रेणू सापडले. त्यांच्या धर्तीवर पुढे सायटाराबिन हे रक्ताच्या कर्करोगावरचं औषध तयार झालं आणि ते आजही वापरलं जातं. कोन नावाची गोगलगाय माशाला विषारी बाण मारून पकडते. त्या विषातल्या एका घटकाची हुबेहूब नक्कल करून बनवलेल्या झिकोनोटाइड या वेदनाशामकाला अमेरिकेत २००४ साली मान्यता मिळाली. समुद्रातून आणि जिथे साधा जीव टिकणार नाही अशा जागांमधून उपयोगी रसायनं शोधणं, ही आज जैवतंत्रज्ञानाची एक मोठी शाखा आहे. आपल्याकडे गोव्यात दोना पावलाला १९६६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनेही सागरी जीवांमधल्या अशा रसायनांवर बरंच काम केलं आहे.

आघारकरांच्या काळात यातलं काहीच नव्हतं. जैवतंत्रज्ञान हा शब्दही फारसा रूढ नव्हता. पण या शास्त्राची पहिली पायरी तेव्हाही तीच होती आणि आजही तीच आहे. कुठल्या जागी कोणता जीव राहतो आणि तो तिथेच का राहतो, हे डोळे उघडे ठेवून पाहणं. ही पायरी आघारकरांनी जन्मभर सोडली नाही.

शिक्षण त्यांनी मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजमध्ये घेतलं. १९०९ च्या सुमारास एम.ए. झाले आणि तिथेच जीवशास्त्र शिकवू लागले. शिकवण्याची नोकरी, मुंबईसारखं शहर, दुसरा कोणी असता तर तिथेच स्थिरावला असता. पण या गृहस्थांना सुट्टी लागली की ते सह्याद्रीत. वनस्पती गोळा कर, प्राणी गोळा कर, असं चालायचं.

नदीतला जेलीफिश

अशाच भटकंतीत, १९११-१२ च्या सुमारास, सातारा जिल्ह्यात कृष्णेला मिळणाऱ्या नद्यांच्या डोहांमध्ये त्यांना एक अजब गोष्ट दिसली. पाण्यात तरंगणारी, जेमतेम नाण्याएवढी, पारदर्शक छत्री. जेलीफिश! आणि तोही गोड्या पाण्यात, समुद्रापासून दूर, घाटावर.

जेलीफिश हा समुद्रातला प्राणी. गोड्या पाण्यात त्याच्या मोजक्याच जाती राहतात. त्यातही या कुळातला जेलीफिश तोपर्यंत फक्त आफ्रिकेत माहीत होता, टांगानिकासारख्या सरोवरांत. तो सातारा जिल्ह्यात आला कुठून? कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमचे प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अॅनंडेल यांनी त्याचं वर्णन करून त्याला लिम्नोक्निडा इंडिका असं नाव दिलं. म्युझियमचे ग्रेव्हली आणि आघारकर यांनी मिळून या प्राण्याच्या सवयी आणि त्याचा आढळ यावर लेख लिहिला. 'नेचर' या जगप्रसिद्ध साप्ताहिकानेही या शोधाची दखल घेतली. तेव्हा आघारकरांचं वय होतं २७-२८.

मित्रांनो, या शोधात महत्त्वाचं काय ते नीट समजून घ्या. गोड्या पाण्यातला नाजूक जेलीफिश खारा समुद्र पोहून ओलांडू शकत नाही. मग आफ्रिका आणि सह्याद्री या दोन्हीकडे एकाच कुळातले प्राणी कसे? योगायोग पाहा, खंड पूर्वी एकत्र होते आणि नंतर सरकले, ही कल्पना आल्फ्रेड वेगेनर यांनी जर्मनीत मांडली ती १९१२ सालीच. एका छोट्याशा प्राण्याने अख्ख्या पृथ्वीच्या इतिहासाबद्दल प्रश्न उभा केला. तो प्राणी शोधायला दुर्बीण लागली नाही, बोट लागली नाही. आटत आलेल्या नदीच्या डोहात वाकून पाहावं लागलं, एवढंच. त्या डोहावर लोक रोज पाणी भरत असतील, गुरं पाजत असतील. दिसलं मात्र एकालाच.

आणखी एक गंमत सांगतो. पुढे पन्नास वर्षांनी, १९६१-६२ मध्ये, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ओसामु शिमोमुरा हे जपानी शास्त्रज्ञ समुद्रातले जेलीफिश हजारोंच्या संख्येने जाळीने पकडत होते. ते जेलीफिश चमकतात कसे, एवढाच त्यांचा प्रश्न होता. उपयोग काय, असं कोणी विचारलं असतं तर त्यांना उत्तर देता आलं नसतं. त्यातून हिरवं चमकणारं प्रथिन सापडलं, जीएफपी. आज पेशीत काय चाललंय हे पाहायला जगभरातल्या प्रयोगशाळा ते प्रथिन दिव्यासारखं वापरतात. शिमोमुरा आणि आणखी दोघांना २००८ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आघारकरांचा जेलीफिश वेगळा, शिमोमुरांचा वेगळा, हे खरं. पण उपयोगाचा हिशेब न मांडता पाण्यात वाकून पाहणारी जात एकच!

बर्लिनमधली पाच वर्षं

जेलीफिशमुळे नाव झालं. आघारकरांना कलकत्त्याला इंडियन म्युझियममध्ये काम करण्याची संधी मिळाली. त्याच सुमारास कलकत्ता विद्यापीठात सर आशुतोष मुखर्जी मोठी उलाढाल करत होते. तारकनाथ पालित आणि रासबिहारी घोष या दोन वकिलांनी विज्ञान शिकवण्यासाठी विद्यापीठाला भरभक्कम देणग्या दिल्या होत्या. त्यातून प्राध्यापकांच्या नव्या जागा निर्माण झाल्या. पालित प्राध्यापक म्हणून पदार्थविज्ञानाला सी. व्ही. रामन यांची निवड झाली आणि वनस्पतिशास्त्राचे घोष प्राध्यापक म्हणून आपले मालवणचे आघारकर. तिशीही पूर्ण झाली नव्हती. घोष प्राध्यापकांना परदेशी जाऊन शिकून येण्याची मुभा होती. १९१४ साली आघारकर बर्लिनला पोचले.

आणि ऑगस्टमध्ये पहिलं महायुद्ध पेटलं.

आघारकर ब्रिटिश प्रजाजन. म्हणजे जर्मनीच्या लेखी शत्रू राष्ट्राचा माणूस. ज्या इंग्रजांनी आपल्याला गुलाम केलं, त्यांच्या पासपोर्टामुळे जर्मनीत कैद! त्यांना स्थानबद्ध व्हावं लागलं. पदार्थविज्ञानाचे घोष प्राध्यापक देवेंद्रमोहन बोस हेही तेव्हा बर्लिनलाच अडकले होते. दोघंही परतू शकले नाहीत. दोन वर्षांचा बेत पाच वर्षांवर गेला.

ती वर्षं बर्लिनमध्ये कशी होती, ते इतिहासात वाचायला मिळतं. ब्रिटनच्या नाकेबंदीमुळे जर्मनीत अन्न येईना. १९१६-१७ चा हिवाळा तर टर्निपचा हिवाळा म्हणूनच ओळखला जातो, कारण बटाट्याचं पीक बुडालं आणि लोकांना गुरांना घालायचे टर्निप खाऊन दिवस काढावे लागले. आपल्या मेसमध्ये सलग तीन दिवस दुधी झाला की आपण मोर्चा काढतो. म्हणून हे मुद्दाम सांगितलं!

मला स्वतःला या गोष्टीतला हा भाग सगळ्यात जवळचा वाटतो. तरुण वय, नुकतीच मिळालेली मानाची जागा, घर हजारो मैल लांब, युद्ध कधी संपणार माहीत नाही. वर्ष बुडणं म्हणजे काय, ते या माणसाला विचारायला हवं होतं. माझं बुडालं ते माझ्याच आळसामुळे. त्यांचं बुडालं ते जगाने केलेल्या भानगडीमुळे.

पण त्यांनी ती वर्षं बुडू दिली नाहीत. बर्लिनच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख अॅडॉल्फ एंगलर हे त्या काळचे जगातले फार मोठे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांच्या हाताखाली आघारकरांनी डॉक्टरेट पूर्ण केली. साल १९१९. प्रबंध जर्मन भाषेत आणि तो १९२० साली प्रसिद्धही झाला.

विषय काय होता माहीत आहे? वायव्य भारतातल्या कोरड्या आणि खाऱ्या जमिनीत वाढणाऱ्या वनस्पतींचा प्रसार कसा होतो आणि त्या मुळात आल्या कुठून. म्हणजे जिथे पाऊस नाही, जिथे जमिनीवर मिठाचा थर आहे, अशा जागी टिकून राहणाऱ्या झाडांचा अभ्यास. कडाक्याच्या थंडीच्या बर्लिनमध्ये बसून हा माणूस राजस्थान-सिंधच्या वाळवंटाचा विचार करत होता!

बीडच्या पोरांना हा विषय वेगळा समजवायची गरजच नाही. आपल्या बालाघाटच्या माळावर या. रुईचं बोंड फुटलं की कापसाच्या म्हाताऱ्या वाऱ्यावर उडतात, प्रत्येक म्हातारीला खाली एक बी. बोरं पक्षी खातात आणि आठोळ्या लांब नेऊन टाकतात. बाभळीच्या शेंगा शेळ्या खातात आणि बी लेंडीतून पडतं. आणि सराटा! अनवाणी पायात मोडतो, सायकलचं टायर पंक्चर करतो, तो काही आपल्याला त्रास द्यायला नाही. आपल्या पायाला चिकटून दुसऱ्या गावी जायची ती त्याची एसटी आहे. माळावरचं एकेक झाड असं प्रवासाचं तिकीट खिशात घेऊन उभं असतं. आघारकरांनी अभ्यासली ती हीच तिकिटं. झाड इथे कसं आलं, कोणत्या वाटेने आलं, इथे टिकलं कसं.

कलकत्त्याची अडीच दशकं

युद्ध संपल्यावर ते परतले आणि १९४६ पर्यंत कलकत्ता विद्यापीठात राहिले. वनस्पतिशास्त्राचा विभाग त्यांनी उभा केला, विद्यार्थी घडवले. हा काळ वर्षवार सांगत बसत नाही. दोन गोष्टी मात्र सांगायलाच हव्यात.

पहिली जलपर्णीची. बंगालच्या नद्या आणि खाचरं तेव्हा जलपर्णीने गिळायला घेतली होती. नावा चालेनात, भातशेती बुडाली. परदेशातून शोभेसाठी आलेलं हे झाड, त्याला इथे शत्रूच नाही. आघारकर आणि त्यांचे सहकारी एस. एन. बॅनर्जी यांनी १९३२ साली जलपर्णीवर रोग पाडणाऱ्या फ्युजेरियम या बुरशीची नोंद सायन्स काँग्रेसमध्ये मांडली. जलपर्णीला औषध फवारून किंवा ओढून काढून नव्हे तर तिच्या नैसर्गिक शत्रूकडून आवरायचं, या दिशेने जगात जे सुरुवातीचं काम झालं त्यात याचा उल्लेख होतो. आज आपल्याकडच्या बंधाऱ्यांत जलपर्णी पसरलेली दिसते तेव्हा हे आठवतं. प्रश्न नव्वद वर्षं जुना आहे आणि अजून पूर्ण सुटलेला नाही. कुणाला फायनल इयरला प्रोजेक्टचा विषय हवा असेल तर घ्या!

दुसरी गोष्ट संस्था उभारण्याची. देशातल्या सर्व शास्त्रज्ञांची मिळून एक राष्ट्रीय संस्था असावी म्हणून १९३५ साली जी स्थापना झाली (आजची इन्सा, म्हणजे भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी), तिच्या पहिल्या फळीत आघारकर होते. संशोधन करणारे पुष्कळ असतात. पण सभा बोलावणं, पत्रं लिहिणं, हिशेब ठेवणं, रुसलेल्यांची समजूत काढणं ही बिननावाची कामं करणारा माणूस विरळा. आपल्या गॅदरिंगमध्येही नाटकात काम करायला वीस जण असतात, सतरंज्या उचलायला दोन. आघारकर सतरंज्या उचलणाऱ्यांतले होते.

एकसष्टाव्या वर्षी पेरणी

कलकत्त्यात राहताना त्यांनी एक गोष्ट रोज पाहिली होती. डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी १८७६ साली लोकवर्गणीतून सुरू केलेली इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. सरकारी मेहेरबानीवर नव्हे तर लोकांच्या बळावर उभी राहिलेली संशोधन संस्था. याच संस्थेच्या प्रयोगशाळेत १९२८ साली रामन परिणामाचा शोध लागला. अशी संस्था महाराष्ट्रात का नसावी, हा विचार त्यातूनच आला. १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञान वर्धिनी स्थापन झाली. नावही त्याच धर्तीवर. इंग्रजी नावातला कल्टिव्हेशन हा शब्द शेतीचा आहे, मशागतीचा आहे, हे मला फार आवडतं. विज्ञान पेरायचं, राखायचं, वाढवायचं.

आघारकर त्याच वर्षी विद्यापीठातून निवृत्त झाले होते. वय एकसष्ट पूर्ण. आपल्याकडे या वयात माणूस पेन्शनचे कागद फायलीला लावतो आणि नातवंडं खेळवतो. आघारकरांनी पुण्याला येऊन नव्या संस्थेच्या संचालकपदाचा भार घेतला. स्वतःची इमारत नव्हती. लॉ कॉलेजच्या आवारात मिळालेल्या जागेत काम सुरू झालं. मागे सरकारी खजिना नव्हता. कलकत्त्यातल्या मोठ्या खुर्चीवरून उठून हा माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर येऊन बसला. १९६० साली, मरेपर्यंत, त्यांनी ते काम सोडलं नाही.

संस्था मोठी झालेली पाहणं त्यांच्या नशिबात नव्हतं. पण पेरलेलं उगवलं. गहू, सोयाबीन, द्राक्ष यांचे वाण तिथे तयार झाले. वाणाच्या नावात एमएसीएस ही अक्षरं दिसली की समजावं, हे विज्ञान वर्धिनीचं लेकरू. १९९२ साली संस्थेला संस्थापकांचं नाव देण्यात आलं, आघारकर संशोधन संस्था. आज ती केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाखालची स्वायत्त संस्था आहे.

गुलाबी लोणार

आता गोष्टीचा शेवटचा भाग. यात आघारकर नाहीत, पण त्यांच्याशिवाय हा भाग घडला नसता.

जून २०२० आठवतो का? लॉकडाऊनमध्ये सगळे घरी बसलेले आणि अचानक मोबाइलवर फोटो फिरू लागले, लोणार सरोवर गुलाबी झालं! लोणार बुलडाणा जिल्ह्यात, आपल्या मराठवाड्याला लागूनच. उल्का पडून बेसाल्टच्या खडकात तयार झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर. त्यातलं पाणी खारं तर आहेच, शिवाय सोड्यासारखं अल्कलीयुक्त. त्याचा पीएच १० च्या आसपास असतो. आपण त्यात मासा सोडला तर मरेल.

पाणी गुलाबी झाल्यावर गावोगाव तर्क सुरू झाले. कोणी दैवी कोप म्हणे, कोणी कारखान्याचं रसायन म्हणे. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. वन विभागाने पाण्याचे नमुने तपासायला पाठवले. त्यातले काही गेले पुण्याला, आघारकर संशोधन संस्थेकडे.

संस्थेच्या शास्त्रज्ञांनी उत्तर शोधलं. हे काम हॅलोआर्किया या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचं. पाऊस कमी, ऊन जास्त, त्यामुळे पाण्याची पातळी खाली गेली, खारेपणा वाढला आणि या जीवांना हवं तसं घर मिळालं. त्यांच्या पेशींत गुलाबी रंगद्रव्य असतं. म्हणून अख्खं सरोवर गुलाबी. हे जीव तळाशी बसले की वरचं पाणी पुन्हा स्वच्छ दिसतं, हेही प्रयोगशाळेत दिसून आलं. कोप नाही, विष नाही.

जरा जुळवून पाहा. आघारकरांनी बर्लिनमध्ये खाऱ्या जमिनीत जगणाऱ्या झाडांवर प्रबंध लिहिला. त्यानंतर शंभर वर्षांनी, २०२० मध्ये, त्यांच्या नावाच्या संस्थेने खाऱ्या पाण्यात जगणाऱ्या जीवांचं कोडं सोडवलं. असा मेळ ठरवून जमत नाही!

आणि हे जीव नुसते बघायचे नाहीत. मिठाने, सोड्याने, उष्णतेने साधी प्रथिनं नासतात. यांची नासत नाहीत. सोडा-सरोवरांसारख्या जागी राहणाऱ्या बॅक्टेरियांची विकरं कपडे धुण्याच्या पावडरीत चालतात, कारण पावडरीचं पाणीही अल्कलीयुक्तच असतं. इजिप्तमधल्या खाऱ्या सोडा-सरोवरातल्या एका जीवात १९८५ साली एक्टोइन हा रेणू सापडला. मिठाच्या माऱ्यातही पेशीतलं पाणी धरून ठेवायला तो मदत करतो. आज तो त्वचेच्या क्रीममध्ये घालतात. अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या गरम झऱ्यात १९६६ साली जो बॅक्टेरिया सापडला, त्याचं उष्णतेला न डगमगणारं विकर म्हणजेच पीसीआर चाचणीचा प्राण. कोरोनाच्या काळात आपल्या सगळ्यांच्या नाकात जी काडी गेली, तिच्यामागे तो झरा उभा होता. त्या विकरावर कंपन्यांनी अफाट पैसा कमावला, पण झऱ्याच्या मालकाला, म्हणजे यलोस्टोनच्या उद्यानाला, त्यातलं काही मिळालं नाही. आपल्या जीवांचं असं होऊ नये म्हणून आपल्याकडे २००२ साली जैवविविधता कायदा झाला. कायदा झाला तरी आपल्याकडे काय आहे हे आपल्यालाच माहीत नसेल, तर राखणार काय?

जाता जाता

आपल्या होस्टेलमध्ये रात्री बारानंतर एक चर्चा ठरलेली असते. आपल्या बीडमध्ये आहे काय? समुद्र नाही, कंपन्या नाहीत, पाऊस नाही. निम्मं गाव दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जातं. इथल्या पोराने फार तर पुण्यात नोकरी धरावी. मीही या चर्चेत हिरिरीने भाग घ्यायचो.

आता थोडा वेगळा विचार करतो. आघारकरांना जेलीफिश सापडला तो कोणाच्या प्रयोगशाळेत नाही, आटणाऱ्या नदीच्या डोहात. ज्या कोरड्या जमिनीला आपण नावं ठेवतो, तिच्यासारख्याच जमिनीतल्या झाडांवर त्यांना बर्लिनची डॉक्टरेट मिळाली. कोरडवाहू माळ, खारवट पडलेली रानं, उन्हाळ्यात तापणारा खडक, यातही जगणारे जीव आहेत. त्यांच्यात काय दडलंय ते कोणी पाहिलंय? मी मेकॅनिकलचा, मला यातलं फार कळत नाही. पण आघारकर तरी कुठे फक्त आपल्या विषयाला चिकटून होते? वनस्पतिशास्त्राचा माणूस आणि नाव झालं ते एका प्राण्यामुळे!

राहिलेले दोन विषय मी सुटलो. फार चांगल्या मार्कांनी नाही, पण सुटलो. बुडालेलं वर्ष परत येत नाही, हेही खरंच. पण ते वर्ष कुठे घालवलं असं आता कोणी विचारलं तर मान खाली जात नाही. सोयाबीन पेरत होतो आणि एका माणसाची ओळख करून घेत होतो, असं सांगतो.

पुढच्या गॅदरिंगच्या प्रश्नमंजूषेत तो प्रश्न परत येवो, एवढीच इच्छा आहे. या वेळी बझर दाबायला हात थरथरणार नाही. आणि ज्युनिअर मंडळींनो, तुम्हीही लक्षात ठेवा. रस्ता आगरकरांचा, संस्था आघारकरांची. 'घा'ला विसरू नका, पाच गुणांचा प्रश्न आहे!

— तृतीय वर्ष, मेकॅनिकल